सांग त्यांना, मुन्शी

बुढनचाचा खरादी चेंडूला हात लावत नसे. म्हणजे खेळ सुरू असताना. एरवी तो चेंडू धुवायचा, पुसायचा, चेपलेला असला तर गरम पाण्यात टाकून अंगठ्यांनी दाबत पुन्हा गोल करायचा. पण एकदा काठी लागली आणि चेंडू कुठे जाऊन पडला, की तो तिथला झाला. मग तो खळग्यात असो, शेणात असो, बाभळीच्या काट्यांत असो. "पडला तो खुदाच्या मर्जीनं पडला," असे तो म्हणे. "आता उचलायचा तो कुणाच्या मर्जीनं?"

हे आधीच लिहून ठेवतो, कारण आंबेजोगाईत जुनी माणसे याच्या उलट सांगतात. ते खोटे आहे. खोटे आहे हे ठाऊक असलेला माणूस आता मी एकटाच उरलो आहे.

परवा औरंगाबादेस एका तरुण अधिकाऱ्याने मला चारचौघांत उस्ताद म्हटले. त्याला गोल्फचा नवा नाद लागला आहे. काठीने चेंडू मारत मारत मैदानातल्या भोकात घालायचा आणि ज्याचे टोले कमी तो जिंकला, एवढाच तो खेळ. त्याचा चेंडू दर वेळी उजवीकडे वाकडा जात होता. मी कागद घेऊन बाजूला उभा होतो, राहवले नाही म्हणून बोललो, "हुजूर, मूठ सैल सोडा. आणि लांबचे निशाण पाहू नका. चेंडूच्या दोन हात पुढचा एखादा खडा हेरा, चेंडू त्याच्यावरून काढायचा आहे असे धरा." पंधरा दिवसांत त्याचा चेंडू सरळ जाऊ लागला. तो म्हणाला, "उस्ताद, हे शिकलात कुठे?" मी म्हणालो, "असेच, पाहून पाहून." घरी आलो आणि ताटावरून तसाच उठलो. बुढनचाचाच्या बाबतीत माझ्या तोंडून निघालेले हे शेवटचे खोटे ठरावे, म्हणून लिहायला बसलो आहे.

साल सांगत नाही, तेव्हाच्या आमच्या साहेबांचे नावही सांगत नाही. निजाम सरकारची अमलदारी होती आणि मी तालुक्याच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षांचा अहलकार, म्हणजे कारकून होतो. घरी बायको, दोन लेकरे, अंथरुणाला खिळलेले वडील. आंबेजोगाईला मोमिनाबादची छावणी म्हणत. घोडदळाचा रिसाला तिथून केव्हाच उठून गेला होता. घोड्यांचे तबेले ओस पडले होते. कप्तान लोकांनी माळावर नऊ भोकांचे एक मैदान आखले होते, ते तेवढे मागे राहिले. मैदानाबरोबर तीन पिशव्या काठ्या राहिल्या आणि त्या काठ्या सांभाळणारा बुढनचाचा राहिला. मैदानाच्या कडेला त्याला एक खोली होती. मैदान राखायचे आणि त्या खोलीत राहायचे, असा तो बंदोबस्त होता. त्याला दुसरे घर नव्हते.

जातीने खरादी, लाकूड कातणारा. बाप तंबूच्या खुंट्या घडवायचा, हा काठ्या घडवू लागला. लाकूड घेतले की कानाशी धरून टिचकी मारायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. आवाज आवडला नाही तर फक्त "आजारी हाय" म्हणून बाजूला ठेवायचा. काठ्यांची इंग्रजी नावे त्याने कधी जिभेवर घेतली नाहीत. लांब टोल्याची ती लांबी, लोखंडी पात्याची ती फावडी, भोकाजवळ चेंडू सारायची ती ढकलणी. दाढेखाली कायम एक लवंग. बोलताना ती या गालातून त्या गालात जायची, आणि ती थांबली की समजायचे, आता कामाचे काहीतरी बोलणार.

घोड्याला मात्र तो भ्यायचा. अख्खे आयुष्य रिसाल्यात काढलेला माणूस टांग्याचे घोडेही समोरून आले तर वाट सोडून शेतात उतरायचा. मी एकदा हसलो. तो म्हणाला, "हास की. मी भितो ते मला म्हाईत हाय. तुला तुझं म्हाईत हाय का बे?"

मैदानावर तो मला असा तू म्हणायचा. मैदानाबाहेर पाऊल पडले की "मुन्शीजी, तुमी". त्यात कधी चूक झाली नाही.

साहेबांचा धाक काय होता ते आज सांगून पटायचे नाही. ते ओरडत नसत. व्हरांड्यात त्यांच्या बुटांचा आवाज आला की कचेरीतले बोरू थांबत आणि आवाज पुढे गेला की पुन्हा चालू होत, एवढेच. माझ्या शेजारी बसणारा अहलकार एका अर्जावरची मोहर उलटी लागली म्हणून एका सकाळी उठवला गेला, तो परत दिसला नाही. त्याचे काय झाले हे आम्ही एकमेकांनाही विचारले नाही. त्याची दौत तशीच वाळत राहिली.

अशा साहेबांनी एक दिवस मला बोलावले. मी टेबलाला चिकटून उभा राहिलो. ते म्हणाले, त्यांना गोल्फ शिकायचे आहे, तीन महिन्यांत. हैदराबादेहून एक गोरा साहेब दौऱ्यावर येणार होता. त्याने कुठल्याशा मेजवानीत साहेबांना विचारले होते, खेळता का, आणि साहेब हो म्हणून बसले होते. त्या गोऱ्याच्या शेऱ्यावर साहेबांची पुढची नेमणूक ठरायची होती. हे शेवटचे त्यांनी सांगितले नाही, ते सगळ्या कचेरीला ठाऊक होते. साहेबसुद्धा कुणाला तरी भितात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. त्याने धीर यायला हवा होता. मी उलट जास्त भ्यालो.

माझे काम असे, की खराद्याने हुजुरांना तोंडावर "चुकलात" म्हणणे अदबीत बसत नाही. म्हणून बुढनचाचाने मला सांगायचे आणि मी ते साहेबांना सांगायचे. साहेब तीन हातांवर उभे. चाचाचे सगळे त्यांना ऐकू जायचे, पण मी बोलेपर्यंत ते ऐकू न आल्यासारखे समोर बघत राहायचे. दोघांनी ही रीत इतकी बिनचूक पाळली की मलाही ती खरी वाटू लागली.

"सांग त्यांना, मुन्शी," चाचा म्हणायचा, "बैलाला माशी चावल्यागत कंबर हलवू नका."

मी म्हणायचो, "हुजूर, कमरेला जरा आराम द्यावा."

"सांग त्यांना, आधी चेंडू तर बघा. मारायच्या आधीच टोला कुठं गेला ते बघायला मान वर. न मारलेला चेंडू कसा दिसंल?"

"हुजूर, नजर किंचित खाली असू द्यावी."

माझ्या तोंडून निघताना त्याच्या बोलण्यातले हाड निघून जायचे, नुसते मांस राहायचे. तरी साहेब सुधारत गेले, कारण ते माझे ऐकत नव्हते, त्याचेच ऐकत होते.

त्याची शिकवण मी इथे लिहून ठेवतो. कुणाला उपयोग झाला तर नाव त्याचे घ्यावे.

काठी कशी धरायची, तर भाजायच्या आधीच्या ओल्या मडक्याची मान धरतो तशी. जोर केला तर मडके चेपते, सोडले तर पडते. डोके कसे ठेवायचे, तर खळ्यातल्या तिवड्यासारखे. बैल भोवती फिरतात, मधला खांब फिरत नाही. खांद्याने फिरावे, कमरेने फिरावे, डोक्याने फिरू नये. पहिला महिनाभर त्याने साहेबांना काठी खांद्याच्या वर नेऊच दिली नाही. "अर्धा टोला सरळ आला की पुरा आपुआप येतो. पुरा वाकडा शिकला तर अर्धाबी जातो." भोकाभोवती आमच्याकडे हिरवळ नव्हती, तेल घालून बसवलेल्या वाळूचा गोल असे. तिथे तो म्हणायचा, चेंडू भोकापर्यंत पाठवू नका, भोकाच्या एक वीत पलीकडे मरेल असा पाठवा. अलीकडे थांबलेला चेंडू कधीच आत पडत नाही, पलीकडे जाणारा पडण्याची आशा तरी असते. वारा बघायचा तर डोक्यावरून नव्हे, निशाणाजवळच्या गवतावरून बघायचा, कारण चेंडू थकतो तिथे आणि वारा त्याला धरतो तिथे. आणि वाईट टोला गेला तर काठी हातात आहे तोवर रागवावे. काठी पिशवीत गेली की राग तिच्याबरोबर आत.

हे शेवटचे साहेबांना सांगण्याची मला हिंमत झाली नाही. एकदा त्यांनी लांबी रागाने बाभळीवर आपटली, तिचे दोन तुकडे झाले. चाचाने दोन्ही तुकडे उचलून उपरण्यात बांधले. चौथ्या दिवशी ती काठी सांधून, दोरा गुंडाळून, लाख लावून परत आणली आणि साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती बराच वेळ फिरवून पाहिली. त्यानंतर त्यांनी काठी आपटली नाही.

चाचा स्वतः कधी खेळला नाही. मी विचारले तर म्हणाला, "चेंडू सरकारी हायत." पण साहेब गेल्यावर तो रिकामी काठी फिरवायचा, चेंडू नसलेल्या जागी. हवा कापल्याचा सुईं असा आवाज यायचा. तो आवाज मी पुढे अनेक गोऱ्यांच्या हातात ऐकायला गेलो, मला मिळाला नाही.

गोरा साहेब अमुक दिवशी येतो असे पत्र आले आणि साहेबांचा खेळ गेला. तीन महिन्यांचे सगळे एका सकाळी गेले. चेंडू चार हात जायचा, नाहीतर काठी जमिनीत रुतायची. चाचा लांबूनच त्यांच्या हाताकडे बघत उभा होता. लवंग थांबली.

"मुन्शी, भ्यालेत ते," तो म्हणाला. साहेब समोर बघत होते. "सांग त्यांना, भिण्यात काय वंगाळ न्हाई. पर भीती आधी बोटात येती. तिला बोटात राहू देऊ नका, खाली पायात सोडा. पायात गेली की पाय जमिनीला धरून राहत्यात. तिचा उपेग करा."

हुजूर भ्याले आहेत, असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? मी म्हणालो, "हुजूर, पाय जरा घट्ट रोवावेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी डोळे मिटले, खांदे सोडले, पाय रोवले आणि मारले. चेंडू टेकडाच्या पार गेला. मग आयुष्यात एकदाच त्यांनी रीत मोडली. चाचाकडे वळून त्यांनी मान हलवली. एवढीशी. चाचाचे डोळे भरून आले होते, ते त्याने लवंग थुंकण्याच्या निमित्ताने लपवले.

सामन्याच्या दिवशी मला आगेवाला केले. टोला मारणाऱ्याच्या पुढे लांब उभे राहून चेंडू कुठे पडतो ते पाहणारा तो आगेवाला. मैदानाच्या मधून एक उंचवटा जातो आणि पलीकडे ओढ्याचा उतार आहे. तिथे मारणाऱ्याला काही दिसत नाही, म्हणून तिथे भरवशाचा माणूस हवा. साहेब सकाळी मला म्हणाले, "तुम्ही तिथे असलात की मी निश्चिंत." एवढेच म्हणाले. मी त्या वाक्यात नको ते ऐकले. छावण्यांतून साहेबांचा चेंडू पायाच्या बोटांनी चांगल्या जागी सारणारे आगेवाले असत, हे सगळ्यांना ठाऊक होते. साहेबांना तसे म्हणायचे होते की नव्हते, हे मला आजही माहीत नाही. मी विचारू शकत नव्हतो आणि न विचारता राहूही शकत नव्हतो. जोडा काढून मी अनवाणी गेलो. म्हणजे मनाने मी सकाळीच ते करून बसलो होतो.

सात भोके झाली तेव्हा दोघे बरोबरीत होते. आठव्याला साहेबांचा चेंडू उंचवट्यावरून आला, दोनदा उडाला आणि बाभळीच्या एका मुळीमागे जाऊन बसला. तिथून भोकाच्या दिशेने काठी लावणे शक्य नव्हते. मी एकटा होतो. मला शेजाऱ्याची ती वाळलेली दौत दिसली. लेकरे दिसली. पायाच्या अंगठ्याने मी चेंडू दोन हात बाहेर सारला, सपाट जागेवर.

मान वर केली तो उंचवट्यावर चाचा. पिशवी खांद्यावर घेऊन तो नेहमीप्रमाणे दोघांच्या पुढे चालत आला होता. त्याने पाहिले होते.

तो खाली उतरून आला. रागावला नव्हता. लेकराने विस्तव हातात घेतल्यावर बोलतात तसे तो हळू म्हणाला, "मुन्शी, मागं ठेव."

"चाचा, ते येतायत."

"म्हणूनच म्हणतो. मागं ठेव लवकर."

"ते हरले तर मी मेलो."

"ते हरनार न्हाईत. मुळीतनं फावडीनं आडवा काढू, एक टोला जाईल, मग हाईच की नववं भोक. त्यांना येतंय आता. कावून भितोस?" मी हललो नाही. हलूच शकलो नाही. त्याने पिशवी खाली ठेवली, वाकून चेंडू दोन बोटांनी उचलला आणि मुळीमागे ठेवायला निघाला.

त्याच वेळी गोरा साहेब उंचवट्यावर आला.

त्याने काय पाहिले? एक खरादी, हातात चेंडू. चेंडू कुठून कुठे चालला आहे, हे हातातल्या चेंडूवरून कळत नाही. गोरा हसला. आपल्या उर्दूत तो म्हणाला की असले उस्ताद त्याने प्रत्येक छावणीत पाहिले आहेत, आणि तालुक्याचा कारभारही असाच चालतो का. मग त्याने काठी आपल्या माणसाकडे दिली आणि खेळ इथेच थांबवू म्हणाला. साहेबांच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरलेले मी पाहिले.

साहेब खाली आले. चाचापासून तीन हातांवर उभे राहिले. समोर बघत त्यांनी विचारले, "चेंडूला हात कुणी लावला?"

चाचाच्या हातात अजून चेंडू होता. त्याने तो मुळीमागे, जिथला तिथे, ठेवला. मग माझ्याकडे वळला.

"सांग त्यांना, मुन्शी."

एवढेच. तीन महिने रोज वीस वेळा ऐकलेले शब्द. दर वेळी त्यापुढे तो काहीतरी सांगत असे. या वेळी पुढचे त्याने माझ्यावर सोडले. मला वाटते, तो मला जागा करून देत होता. मी बोललो नाही तर त्याचे सगळे जाणार होते, पण त्याला खात्रीच होती की मी बोलेन. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. माझी वाट बघणे होते.

साहेबांनी विचारले, "काय म्हणतो तो?"

मी म्हणालो, "हुजूर, माफी मागतो आहे."

आजवर हे वाक्य मी कुणालाही सांगितलेले नाही. बायकोलाही नाही. लोकांना वाटते, मी तिथे होतो आणि मी गप्प बसलो. गप्प बसलो असतो तर बरे होते. मी बोललो.

चाचा स्वतः बोलू शकला असता. साहेबांना त्याचे शब्द कळत होते, ते तर सगळ्यांना ठाऊक होते. पण मी माफी म्हटल्यावर नीट तपासून घेतलेल्या लाकडाची काठी मोडल्यावर तिच्याकडे पाहावे तसा तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला राग आला नाही. आपले कसे चुकले, एवढेच तो बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोली रिकामी करायचा हुकूम झाला. हत्यारे मैदानाची म्हणून ठेवून घेतली. त्यांतली निम्मी त्याच्या बापाची होती. हुकूम लिहिला मी. अक्षर कापले नाही, हे मला आठवते. गावात त्याला कुणी काम देईना. तो चोर आहे असे सगळ्यांना वाटले म्हणून नव्हे. साहेब काय म्हणतील म्हणून. चाची त्याची बायको, कडक पडद्यातली बाई, तिला मी कधी पाहिले नव्हते. खोलीच्या दारातून तिची भाकरी मात्र मला अनेकदा मिळाली होती. ती बुरखा घेऊन बैलगाडीत बसली आणि दोघे केजला गेले.

सात-आठ महिन्यांनी साहेबांच्या दौऱ्याची तयारी करायला मला केजला पाठवले. बरोबर एक चपराशी होता. बाजाराच्या मागल्या गल्लीत लाकूड कातल्याचा आवाज आला आणि मी थांबलो. दोन खोल्यांचे भाड्याचे घर, पुढे उघडी ओटी. तिथे मागून आणलेल्या हत्यारांनी तो पाळण्याचे पाय करत बसला होता. मला पाहून त्याने काम थांबवले.

"या मुन्शीजी. बसा तुमी."

मी बसलो. चपराशी गल्लीत विडी ओढत उभा राहिला, चार पावलांवर. चाचाने लेकरांची विचारपूस केली, वडिलांचे कसे आहे ते विचारले. माझे वडील गेले हे ऐकून त्याने दोन्ही हात वर करून दुवा मागितली. मी जमिनीकडे बघत होतो. आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. दारावर एक जाड पडदा होता.

मग तो म्हणाला, "मुन्शीजी, मला मैदान नको. खोली नको. हत्यारंबी ऱ्हाऊ द्या तिथंच. साहेबाला काय सांगू नका, तुमची नोकरी हाय, मला कळतं. एक काम करा." त्याने आवाज खाली आणला. "आत तुमची चाची हाय. तिला तेवढं सांगा."

"ती काही म्हणते का तुम्हाला?"

"काय म्हणत न्हाई. एक दिवस म्हणाली न्हाई. म्हणूनच सांगा म्हणतो."

मी पडद्याकडे पाहिले. मग गल्लीत पाहिले. चपराशी इकडेच बघत होता. चाचाला माझी नजर कुठे गेली ते दिसले. तरी तो पडद्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "अगं, मुन्शीजी आलेत आंबेजोगाईचे. काय सांगायचंय त्यांना तुला."

भाकरीचा आवाज थांबला. बांगड्याही वाजेनाशा झाल्या. मला वाटले, आता मी बोलतो आहे. शब्द तयार होते. चाची, चेंडू मी हलवला होता, चाचांनी नाही. एवढेच, सात-आठ शब्द. गल्लीत चपराशाने विडी विझवली.

मी म्हणालो, "चाची, तुमच्या हातच्या भाकरीची लई आठवण येते."

आत थापण्याचा आवाज परत सुरू झाला नाही.

चाचा उठला. मला ओटीच्या पायरीपर्यंत सोडायला आला, जसा तो कोणत्याही पाहुण्याला सोडायला येई. "घाईत हायत तुमी," तो म्हणाला. "पुढल्या खेपेला या."

मी येईन म्हणालो. पुढली खेप झाली नाही. साहेबांची बदली झाली, नंतर ते वारले. तरी मी गेलो नाही. तोवर न जाण्याची सवय झाली होती आणि ती सवय भीतीपेक्षा जुनी वाटू लागली होती. चाचा गेल्याचे मला एका पावसाळ्यात कळले. चाची त्यानंतर तीन वर्षे उमापूरला भावाकडे होती, हेही कळले होते. तीन वर्षे.

त्या दिवशी केजला मी गल्लीच्या वळणापर्यंत गेलो आणि मागे पाहिले. चाचा ओटीवर नव्हता, तो खाली गल्लीत येऊन उभा होता, आणि त्याच्या मागे दाराचा पडदा एका बाजूला सारलेला होता. उघड्या दारात, भर दुपारी, पिठाचे हात तसेच ठेवून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. परक्या पुरुषाला कधी सावली न दाखवलेली ती बाई सरळ माझ्याकडे बघत होती.

चपराशी म्हणाला, "चला की, मुन्शीजी, उशीर व्हतोय."

मी चाललो.